ऐतिहासिक कादंबरीतला पाद्री, साहेब आणि आपली माणसं: पूर्व-पश्चिम ताण नेमका असतो कुठे?

ऐतिहासिक कादंबरीत पाद्री आला की पुढच्या दोन पानांत काय होणार ते वाचकाला आधीच कळतं. एकतर तो गोड बोलून गावातल्या गरिबाला बाटवणार, नाहीतर दवाखाना काढून सगळ्या गावाला शहाणं करून सोडणार. लेखक कोणत्या बाजूचा आहे त्यावर पाद्री ठरतो, आणि साहेबाचंही तेच, एकतर चाबूकवाला नाहीतर संस्कृत शिकणारा सज्जन. मला हे वाचताना मनापासून वाईट वाटतं कारण आपल्या पुण्यात या विषयाचं जेवढं खरं मटेरियल पडलंय तेवढं फार कमी शहरांत असेल, आणि त्यातल्या बऱ्याचशाला अजून कोणी हात लावलेला नाही.

पूर्व आणि पश्चिम यांच्यातला सांस्कृतिक, धार्मिक ताण असं म्हटलं की विषय एकदम जड वाटतो, सेमिनारमधला. पण तो ताण राहतो घरात. पाण्याच्या भांड्यात, वारसाहक्कात, आई जेवायला वाढते की नाही यात, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना आपलीच माणसं असतात. हे ज्या लेखकाला कळलं त्याची कादंबरी चांगली होते, असं माझं मत आहे, आणि ते पुण्याचीच उदाहरणं घेऊन सांगायचा प्रयत्न करतो.

गुरुवार पेठेतलं पंच हौद मिशन बऱ्याच जणांनी येताजाता बघितलं असेल. १४ ऑक्टोबर १८९० ला तिथे एका कार्यक्रमाला शहरातली बडी मंडळी जमली होती, रानडे होते, टिळक होते, गोखले होते. चहा-बिस्किटं आली. कोणी चहा घेतला, कोणी घोटभर घेतला, कोणी नुसता कप हातात धरला. हा सगळा बेत जमवला होता गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, आणि नंतर चहा घेणाऱ्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात छापून आली. झालं! सनातनी मंडळी शंकराचार्यांकडे गेली, ग्रामण्य म्हणजे जातीतला बहिष्काराचा वाद सुरू झाला, प्रायश्चित्त घ्या नाहीतर बहिष्कार.

आता आजच्या वाचकाला वाटतं, एक कप चहा, त्यात काय एवढं. इथेच कादंबरीकाराचं खरं काम असतं. त्या काळात कोणाच्या हातचं खाल्लं-प्यायलं यावर तुमची जात टिकायची. बहिष्कार पडला म्हणजे श्राद्धाला भटजी येणार नाही, नातेवाईक पंक्तीला बसणार नाहीत, मुलीचं लग्न अडणार, सासरी दिलेल्या बहिणीला माहेरी यायची चोरी. म्हणजे चहा प्यायला नवऱ्याने आणि त्याचा भार पडला घरातल्या बायकांवर. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतलंय असं सांगितलं, रानड्यांनी पुढे सगळ्यांसाठी म्हणून १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून सुधारक मित्रच त्यांच्यावर चिडले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींमध्ये या प्रायश्चित्ताबद्दल लिहिलंय, आणि मला वाटतं या प्रसंगावर कादंबरी लिहायची तर त्यांच्या जागी बसूनच लिहावी.

एक गोष्ट लक्षात येतेय का बघा. या सगळ्या प्रकरणात मिशनचे गोरे लोक जवळपास दिसतच नाहीत. जागा त्यांची, चहा त्यांचा, पण भांडण सगळं पुणेकरांचं आपापसात. पश्चिम ही इथे फक्त निमित्ताला आहे, आणि प्रश्न आपल्यातलाच वर आला की जात कोणी ठरवायची, शंकराचार्यांनी, पेपरवाल्यांनी की ज्याच्या त्याने. ‘पूर्व विरुद्ध पश्चिम’ म्हणून जे आपण वाचतो त्यातलं बरंचसं असंच ‘पूर्व विरुद्ध पूर्व’ असतं. लेखकाने ते सोडून नुसता दुष्ट पाद्री उभा केला की सगळा जीवच निघून जातो त्यातला.

बरं, हे नीट समजायला अजून एक गोष्ट बघायला हवी, ती म्हणजे ऐतिहासिक कादंबरी हा फॉर्म आला कुठून. युरोपात वॉल्टर स्कॉटने १८१४ पासून तो लोकप्रिय केला. खोटं मुख्य पात्र, खरे राजे मागे, आणि दोन जगांच्या सीमेवर घडणारी गोष्ट. १८२५ च्या त्याच्या ‘टॅलिस्मन’मध्ये तिसरं धर्मयुद्ध आहे आणि त्यात सुलतान सलाहुद्दीन हकिमाच्या वेषात येऊन इंग्लंडच्या आजारी रिचर्ड राजाला बरं करतो. खऱ्या इतिहासात हे दोघं एकमेकांना कधी भेटलेच नाहीत! पण स्कॉटला ती भेट हवी होती कारण शत्रू जास्त सभ्य आहे आणि आपल्या छावणीतच कारस्थानं चालू आहेत हे त्याला दाखवायचं होतं. पूर्वेकडचा माणूस उदार, गूढ, जादूगारासारखा, हेही एक ठोकळेबाज चित्रच आहे म्हणा, एडवर्ड सैदने १९७८ मध्ये यावर मोठं पुस्तक लिहिलं की पश्चिमेने पूर्व स्वतःच्या सोयीने कशी रंगवली, तरीसुद्धा स्कॉटची ती चाल मला आवडते.

मग तोच फॉर्म इंग्रजी शिक्षणातून आपल्याकडे आला. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात, शिवकाळातली. नंतर आपले हरिभाऊ आपटे. हरिभाऊ पुण्यात आनंदाश्रमाचं काम बघायचे, म्हणजे संस्कृत पोथ्या शोधून शुद्ध करून छापायच्या, आणि दुसरीकडे आपल्या ‘करमणूक’ या पत्रात इंग्रजी वळणाच्या कादंबऱ्या लिहून महाराष्ट्राला शिवाजी महाराजांची गोष्ट सांगायची. एकाच माणसाच्या दिवसात दोन्ही. याच्यात मला काही विसंगत वाटत नाही. आपल्या स्वाभिमानाची गोष्ट सांगायला आपण पश्चिमेकडून साचा घेतला आणि तो चांगला वापरला, हे मोकळेपणाने मान्य करायला काय हरकत आहे. आणि त्याच्याही मागे गेलं तर मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बहुतेक जण ज्या ‘यमुनापर्यटन’चं नाव घेतात, १८५७ ची, ती लिहिणारे बाबा पदमनजी स्वतः ख्रिस्ती झालेले, आणि विषय हिंदू विधवांचे हाल.

इंग्रजांनी आपल्यावर लिहिलेल्या कादंबऱ्यांचा एक पॅटर्न मात्र नीट बघून ठेवा. मेडोज टेलर नावाचा अधिकारी, निजामाच्या मुलखात आयुष्य काढलेला, आपल्या लोकांबद्दल खरंच आपुलकी असलेला. त्याच्या १८७२ च्या ‘सीता’ कादंबरीत एक इंग्रज अधिकारी हिंदू विधवेशी लग्न करतो, काळ १८५७ चा. त्या काळाच्या मानाने फार धाडसी गोष्ट. पण शेवटी काय, सीता मरते. ती जगली असती तर लेखकाला ठरवावं लागलं असतं की हे दोघं राहणार कुठे, इंग्लंडमध्ये तिला कोण घरात घेणार, मुलं कोणत्या धर्माची. ती मेली की हे सगळे प्रश्न मिटले आणि वाचक रडून मोकळा. दोन धर्मांच्या प्रेमाची ऐतिहासिक कादंबरी वाचताना मरतं कोण हे बघत जा, बहुतेक वेळा पूर्वेकडची बाई मरते. आपल्या मराठी लेखनातही उलट्या बाजूने हेच होतं, परधर्मातली बाई असेल तर ती आधी आपल्याकडच्या कोणापेक्षाही जास्त आपली होते, आणि मगच तिला वाचकाची माया मिळते. ती वेगळी राहून चांगली असू शकते हे लेखकाला झेपत नाही.

काळाची गल्लत हा दुसरा मोठा घोटाळा. १७९० चं पुणं आणि १८९० चं पुणं यात साहेब एकच नाहीये. सवाई माधवरावांच्या काळात चार्ल्स मॅलेट हा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, संगमावर राहायचा. त्याच्या सूचनेवरून आणि पेशव्यांच्या परवानगीने जेम्स वेल्स या चित्रकाराच्या देखरेखीखाली शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा सुरू झाली आणि गंगाराम तांबटांसारखा आपला कारागीर तिथे विलायती पद्धतीची चित्रं काढायला शिकला, वेरूळच्या लेण्यांची त्यांची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठात आहेत. नाना पेठेतल्या सिटी चर्चला जागा दिली सवाई माधवरावांनी, १७९२ मध्ये, कारण पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे कॅथलिक शिपाई आणि अंमलदार होते आणि त्यांना प्रार्थनेला जागा पाहिजे होती. थोड्या वर्षांनी रेसिडेंट म्हणून आलेल्या विल्यम पामरची बायको फैज बक्ष बेगम, मुसलमान बाई, लखनौकडची. म्हणजे ब्राह्मण पेशव्यांच्या राजधानीत इंग्रज वकील, त्याची मुसलमान बेगम आणि पेशव्यांनीच जागा दिलेलं चर्च! हे वाचलं की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो, इतकी ती दुनिया आपल्या शाळेतल्या इतिहासापेक्षा वेगळी होती.

आणि अजून एक, ‘कंपनी आणि मिशनरी हातात हात घालून आले’ हे वाक्य. १८१३ च्या सनदेपर्यंत कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना सहजासहजी येऊच देत नव्हती, धर्मावरून लोक बिथरले तर धंदा बुडेल ही भीती. १८१३ च्या सुरुवातीला मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना परत पाठवायची खटपट खुद्द कंपनी सरकारने केली होती. त्यामुळे नाना फडणवीसांच्या काळातल्या पुण्यात कंपनीच्या पैशावर धर्मांतरं करणारा पाद्री दाखवला तर ती चूक आहे, आणि ही चूक लहान नाही, कारण तिच्यामुळे वाचकाच्या डोक्यात कारण आणि परिणाम उलटेपालटे होतात.

याचा अर्थ धर्माच्या नावाने जुलूम झाला नाही असा अजिबात नाही. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्म मोडणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १५६० ला सुरू झालं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. देवळं पाडली, लोकं घरदार सोडून पळाली, सणवार चोरून करायची वेळ आली. हे दाखवायलाच पाहिजे, मऊ करून चालणार नाही. पण त्याच गोव्यात १५७९ ला थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट (कॅथलिक संघातला पाद्री) आला आणि त्याने ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं, १६१६ ला रायतूरला म्हणजे राशोलला छापलं, हजारो ओव्या, सगळ्या मराठी, आणि त्यात मराठी भाषेचं जे कौतुक केलंय ते आपण आजही भाषणांमध्ये वापरतो. त्याला धर्मप्रसार करायचा होता हे उघड आहे. पण ओवी लिहिता लिहिता त्या माणसाचं मराठीवर प्रेम बसलं हेही तितकंच उघड आहे. छळ आणि प्रेम एकाच संस्थेतून, एकाच प्रदेशात, काही वर्षांच्या अंतराने. मला असा लेखक पाहिजे जो छळणारा आणि प्रेम करणारा ही दोन्ही माणसं एकाच जेवणाच्या टेबलावर बसवेल आणि दोघांनाही बोलू देईल.

वसईच्या मोहिमेतल्या घंटा तर तुम्हाला माहीत असतीलच, १७३९ च्या विजयानंतर चर्चमधल्या पोर्तुगीज घंटा आपल्या देवळांत आल्या, भीमाशंकरला आहे, मेणवलीला आहे. कादंबरीत हा विजयाचा सीन म्हणून येतो, आणि विजय होताच तो. पण वसईतल्या एखाद्या ख्रिस्ती कुणब्याच्या घरी, ज्याचा पणजोबा बाटला होता आणि आता तो स्वतः मनाने खराखुरा ख्रिस्ती आहे, त्याला ती घंटा उतरताना काय वाटलं असेल? तो माणूस पूर्वेचा का पश्चिमेचा?

धर्मांतर म्हणजे काय व्हायचं हे सुद्धा जरा व्यवहारात उतरून बघायला हवं. जुन्या रिवाजाप्रमाणे बाटलेला माणूस घराला मेलेला, वडिलांच्या इस्टेटीतला हिस्सा गेला. १८५० च्या कायद्याने तो हिस्सा राखला, म्हणून तर तो कायदा आल्यावर एवढी ओरड झाली. बायको आली नाही सोबत तर तिचं काय, यासाठी १८६६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. १८४३ मध्ये मुंबईत शेषाद्री कुटुंबातला नारायण ख्रिस्ती झाला, धाकटा श्रीपत अजून लहान, तो पण मिशनमध्ये राहायला गेला. प्रकरण कोर्टात गेलं, मुलगा घरच्यांकडे परत आला, पण आता त्याला जातीत कोण घेणार? बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावं म्हणून उभे राहिले आणि स्वतःच्याच लोकांच्या शिव्या खाल्ल्या. यात व्हिलन कोण आहे सांगा बरं. मुलाला मिशनमध्ये ठेवणारे, की परत आलेल्या लेकराला पाणी न देणारे? चांगली कादंबरी या प्रश्नावर घाई करत नाही.

बाहेरच्या देशातलं एक नाव घेतो कारण ते इथे अगदी चपखल बसतं. जपानी लेखक शुसाकू एंदो, स्वतः कॅथलिक, त्याची ‘सायलेन्स’ नावाची कादंबरी १९६६ ची. सतराव्या शतकातला जपान, ख्रिस्ती धर्मावर बंदी, आणि पोर्तुगीज पाद्र्यासमोर पेच असा की तू येशूच्या चित्रावर पाय ठेव नाहीतर तुझ्यामुळे हे गरीब शेतकरी हाल होऊन मरतील. इथे जुलूम पूर्वेकडची सत्ता करतेय आणि मरणारेही पूर्वेकडचेच. लिहिणारा जपानी आणि ख्रिस्ती दोन्ही असल्यामुळे त्याला कोणाचीच बाजू आरामात घेता येत नाही, आणि म्हणून ती कादंबरी टिकली.

आपल्याकडे असं माणूस म्हणजे पंडिता रमाबाई. संस्कृतात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेते आणि मग तिथल्या धर्मगुरूंशीच भांडते! तुमचं सगळंच्या सगळं मत मी डोळे मिटून मानणार नाही म्हणते, क्रॉसवर लॅटिन कशाला, संस्कृत अक्षरं का नकोत विचारते, मांसमच्छी खात नाही. इकडे पुण्याला ती बाटलेली म्हणून नको आणि तिकडे साहेबांना ती हट्टी म्हणून नको. शेवटी केडगावला राहून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करत बसली, १९२२ मध्ये जाईपर्यंत. हिला पूर्व आणि पश्चिमेच्या कोणत्या खान्यात टाकणार?

आणि मार्च १८८६, फिलाडेल्फिया. आनंदीबाई जोशींना डॉक्टरची पदवी मिळतेय. जायच्या आधी सेरामपूरच्या भाषणात त्यांनी जाहीर सांगितलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. आणि त्या समारंभाला खास इंग्लंडहून बोट धरून आलेल्या असतात रमाबाई, ज्यांनी नेमकं उलट केलेलं. दोघी एका सभागृहात. दोघींबद्दल स्वतंत्र भरपूर लिहिलं गेलंय, पण त्या संध्याकाळी दोघी एकमेकींशी काय बोलल्या असतील हा सीन मला कोणीतरी लिहायला हवाय. धर्मावर बोलल्या असतील का? मला वाटतं थंडीवर बोलल्या असतील, लुगड्यात कसं निभावतं यावर, जेवणाच्या हालांवर, पुण्याच्या खबरांवर, आणि धर्म मधेच एखाद्या वाक्यात येऊन गेला असेल. आनंदीबाई त्याच वर्षी परत आल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या.

भाषेचं पण थोडं बोलतो. आपल्या कादंबऱ्यांत साहेब ‘टुम, हम’ करत मोडकं हिंदी बोलतो आणि पाद्री पुस्तकी मराठी. हे फार आळशी वाटतं मला. मिशनऱ्यांनी मराठीची व्याकरणं लिहिली, कोश केले, त्यातले कित्येक जण चांगलं मराठी बोलत असणार. तसंच अठराव्या शतकातल्या आपल्या माणसाच्या तोंडी ‘आपली संस्कृती धोक्यात आहे’ छाप वाक्यं घालू नयेत, तो धर्म बुडाला म्हणेल, सोवळं मोडलं म्हणेल, गोऱ्या साहेबाला टोपीकर म्हणेल. बोलणं कसं असावं हे शिकायचं तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावी. नवरा, म्हणजे कवी ना. वा. टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला आणि ही बाई पाच वर्षं सोवळ्या-ओवळ्यात अडकून, रडत, चिडत, विचार करत हळूहळू स्वतःच्या निर्णयाला आली. धर्मांतराचा एवढा खरा आणि घरगुती वृत्तांत मी दुसरा वाचलेला नाही.

शेवटी माझी एक मागणी आहे, कोणी तरुण लेखक-लेखिका वाचत असतील तर त्यांच्यासाठी. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आलं. विधवा मुलींची शाळा, सुरुवातीला रानडे, भांडारकर सल्लागार मंडळात. मग मुली ख्रिस्ती होतायत म्हणून ‘केसरी’त टीका, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालक येऊन मुलींना घेऊन जायला लागले. त्याच शाळेतल्या गोदूबाईंनी त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या हिंदूच राहिल्या, बाकी काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला. मला या प्रकरणाची कादंबरी हवी आहे, पण टिळकांच्या किंवा रमाबाईंच्या बाजूने नको. एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या बाजूने हवी, जिला नुकतं वाचता यायला लागलंय, केस पुन्हा वाढू दिलेत, आणि खाली दारात वडील तिला न्यायला येऊन उभे आहेत. घरी गेली तर शिक्षण संपलं, राहिली तर आई-बाप तुटले, आणि धर्माचं अजून तिने काहीच ठरवलेलं नाहीये. कोणी लिहायला घेतलं असेल तर जरूर कळवा, कच्चा खर्डा असला तरी मी आनंदाने वाचीन.